विश्लेषण : गुरू जवळ नसताना चिनी नाडीपरीक्षा शिकता येते का? कोटणीसांच्या सोलापुरातून एक पडताळणी

पुस्तकं आहेत, व्हिडिओ आहेत, घरात मनगटंही आहेत. मग अडतं कुठं? नाडीचं शास्त्र, त्यामागचं भौतिकशास्त्र आणि कायद्याची चौकट समजून घेऊया.

शुक्रवार पेठेत आमच्या समोरच्या घरात राहणारे काका सत्तरी ओलांडलेले. उभा जन्म गिरणीत गेला. गेल्या आठ महिन्यांपासून मी डिजिटल डेस्कची शिफ्ट संपवून चिनी नाडीपरीक्षेची पुस्तकं वाचतोय, हे गल्लीत सगळ्यांना माहीत झालंय. एका रविवारी सकाळी काकांनी कट्ट्यावर बसल्या बसल्या हात पुढे केला आणि विचारलं, "काय रे, चिन्यांच्या पुस्तकात काय लिहिलंय माझ्याबद्दल?"

मी तीन बोटं ठेवली. ठोके लागत होते, पण त्यांना ताल नव्हता. दोन जवळ, एक लांब, मग एक नुसता चाटून गेल्यासारखा. पुस्तकात अडखळणाऱ्या नाडीचे तीन प्रकार दिलेत. वेगात अडखळणारी, संथ चालीत अडखळणारी आणि ठरावीक ठोक्यांनंतर थांबणारी. काकांची नाडी यातली कोणती, हे शोधण्यात मी दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी जिना चढताना त्यांना धाप लागली. सूनबाई त्यांना नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. ईसीजी निघायला दहा मिनिटंही लागली नाहीत. निदान होतं एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर. या विकारात हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि पक्षाघाताचा धोका सुमारे पाच पटींनी वाढतो. काकांना रक्त पातळ ठेवणारं औषध सुरू झालं.

बोटांनी बरोबर सांगितलं होतं. चूक झाली ती पुढं. मी काकांना दवाखान्यात पाठवण्याऐवजी नाडीचं नाव शोधत बसलो. शेजारी गुरू बसलेला असता, तर त्यानं हात धरून उठवलं असतं. म्हणूनच हा प्रश्न नीट तपासावासा वाटला: गुरू जवळ नसताना ही विद्या किती शिकता येते आणि कुठं थांबायचं?

चिनी नाडीपरीक्षा म्हणजे नेमकं काय?

चिनी वैद्यकात निदानाचे चार मार्ग मानले जातात. पाहणं, ऐकणं व वास घेणं, विचारणं आणि स्पर्श करणं. नाडी ही चौथ्यात येते. म्हणजे पहिले तीन मार्ग वगळून नुसत्या मनगटावरून सगळं सांगणं, हे मूळ पद्धतीतही अपेक्षित नाही.

नाडी पाहतात ती मनगटाजवळच्या रेडियल धमनीवर. अंगठ्याच्या बाजूला मनगटाच्या थोडं वर एक हाडाचा उंचवटा लागतो. त्याच्या शेजारी आधी मधलं बोट ठेवायचं. या जागेला 'ग्वान' म्हणतात. मग तळहाताच्या बाजूला तर्जनी, ती जागा 'छुन'. कोपराच्या बाजूला अनामिका, ती जागा 'छ्र'. दोन हातांच्या मिळून सहा जागा झाल्या. डाव्या हातावर अनुक्रमे हृदय, यकृत आणि मूत्रपिंड. उजव्या हातावर फुप्फुस, प्लीहा आणि पुन्हा मूत्रपिंडाशी जोडलेलं 'जीवनद्वार', अशी ढोबळ मांडणी आहे. इथं एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. चिनी वैद्यकातलं 'मूत्रपिंड' म्हणजे सोनोग्राफीत दिसणारा अवयव नव्हे, तर कार्यांचा एक समूह आहे.

प्रत्येक जागी दाब तीन पातळ्यांचा. हलका, मध्यम आणि खोल. हलक्या स्पर्शाला लागणारी आणि दाबल्यावर विरणारी नाडी 'तरंगती'. दाबल्याशिवाय न लागणारी 'बुडालेली'. वेग मोजायला घड्याळ नव्हतं, तेव्हा वैद्य स्वतःच्या श्वासाशी ताळा करायचा. एका श्वासोच्छ्वासात चार ते पाच ठोके म्हणजे ठीक, तीन म्हणजे मंद, सहा म्हणजे जलद.

इथपर्यंत सोपं आहे. पुढं नाडीच्या 'पोता'ची वर्णनं येतात. ताटात मणी घरंगळावेत तशी 'निसरडी'. चाकूनं बांबू खरवडावा तशी 'खरखरीत'. धनुष्याच्या दोरीसारखी ताठ ती 'तारेसारखी'. सोलापूरकरांना ही शेवटची लवकर समजेल. मागावर ताणलेल्या ताण्यावर बोट ठेवल्यावर जे जाणवतं, तेच.

तिसऱ्या शतकातल्या वांग शूह या वैद्यानं 'मायजिंग' या ग्रंथात २४ नाड्यांची वर्णनं केली. ली शिझेन यानं १५६४मध्ये 'बिनहू मायश्वे' या ग्रंथात २७ सांगितल्या. पुढं ही संख्या २८ झाली. आज बहुतेक पाठ्यपुस्तकं २८च शिकवतात.

आपल्या नाडीपरीक्षेपेक्षा ही वेगळी कशी?

बोटं तीन, धमनी तीच. पण बोटांखालचा नकाशा वेगळा. आयुर्वेदात तर्जनीखाली वात, मध्यमेखाली पित्त आणि अनामिकेखाली कफ पाहतात. चिनी पद्धतीत बोटांखाली अवयवांचे समूह आहेत. आयुर्वेदात परंपरेनं पुरुषाचा उजवा आणि स्त्रीचा डावा हात पाहतात, चिनी पद्धतीत दोन्ही हात.

वर्णनाची रीतही वेगळी आहे. शार्ङ्गधर संहितेत नाडीच्या चालीला प्राण्यांच्या उपमा आहेत. वाताची साप-जळूसारखी, पित्ताची बेडूक-कावळ्यासारखी, कफाची हंस-कबुतरासारखी. चिनी ग्रंथांत उपमा जास्त करून वस्तूंच्या आहेत. मणी, दोरी, चाकू, कांद्याची पात.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. चरक आणि सुश्रुत या संहितांमध्ये आज ज्याला नाडीपरीक्षा म्हणतात ती पद्धत आढळत नाही. ती ठळकपणे दिसते ती तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास, शार्ङ्गधर संहितेत. युनानी वैद्यकात तिला 'नब्ज' म्हणतात आणि इब्न सिनाच्या ग्रंथात तिचा तपशीलवार विचार आहे. म्हणजे मनगटावर बोट ठेवून शरीर वाचण्याचा प्रयत्न चीन, भारत, इराण, ग्रीस अशा सगळीकडे झाला. धमनी एक आणि नकाशे मात्र अनेक, हे शिकणाऱ्यानं पहिल्या दिवशीच मनात ठेवावं.

यात सोलापूरचा संबंध काय?

चीन आणि वैद्यक हे दोन शब्द सोलापुरात एकत्र आले की तिसरा शब्द आपोआप येतो, तो म्हणजे कोटणीस. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१०चा, सोलापूरचा. मुंबईच्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात ते शिकले. १९३८मध्ये जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनसाठी काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कोलकात्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि आपले डॉ. कोटणीस होते.

एक गैरसमज इथंच दूर करायला हवा. डॉ. कोटणीस हे आधुनिक वैद्यकाचे शल्यविशारद होते. नाडीपरीक्षा किंवा ॲक्युपंक्चर हा त्यांच्या कामाचा भाग नव्हता. युद्धभूमीवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचं संचालकपद सांभाळलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी तिथंच त्यांचं निधन झालं.

मग धागा कोणता? दोन आहेत. पहिला भाषेचा. कोटणीस चिनी भाषा तिथल्या लोकांत राहून शिकले आणि त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवूही लागले. चिनी लोकांनी त्यांना 'के दिहुआ' हे नाव दिलं. त्यातल्या 'हुआ'चा अर्थ चीन. दुसरा धागा त्यांचे सहकारी डॉ. बिजयकुमार बसू यांचा. १९५०च्या दशकाच्या अखेरीस बसू पुन्हा चीनला गेले, तिथं ॲक्युपंक्चर शिकले आणि परत येऊन कोलकात्यात त्याचा पाया घातला. भारतात ॲक्युपंक्चर पसरण्यात त्यांचा आणि कोटणीसांच्या नावानं सुरू झालेल्या समित्यांचा मोठा वाटा आहे.

दोघांनीही जे शिकलं ते जिथं ती विद्या होती तिथं जाऊन, माणसांमध्ये बसून. भैय्या चौकातलं कोटणीस स्मारक पाहताना हे मला पहिल्यांदा लक्षात आलं. मी मात्र तीच गोष्ट मोबाइलवर, इअरफोन लावून करू पाहत होतो.

गुरू जवळ नसताना कुणी शिकलंय का?

पुस्तकांनी प्रवास केला आणि गुरू मागं राहिला, असं इतिहासात अनेकदा घडलंय. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणमध्ये रशीदुद्दीन या वजिरानं चिनी नाडीशास्त्र फारसीत आणवलं. १६८२मध्ये युरोपात चिनी वैद्यकावरचा लॅटिन ग्रंथ छापला गेला, त्यातही नाडीवर बराच मजकूर होता.

सर्वांत बोलकं उदाहरण इंग्लंडच्या सर जॉन फ्लॉयर यांचं. चिनी वैद्य नाडीला किती महत्त्व देतात, हे त्यांनी वाचलं होतं. शिकवायला कुणी चिनी वैद्य नव्हता. निसरडी आणि खरखरीत नाडी यातला फरक पुस्तकातून बोटांपर्यंत पोहोचेना. मग त्यांनी जे मोजता येतं तेवढं धरलं. बरोबर एक मिनिट चालणारं खास घड्याळ बनवून घेतलं आणि १७०७मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. आज परिचारिका मनगट धरून घड्याळाकडे पाहते, त्या सवयीच्या मुळाशी जी नावं आहेत, त्यात फ्लॉयर यांचं नाव महत्त्वाचं.

यातून एक सूत्र मिळतं. मोजता येणारा भाग पुस्तकातून शिकता येतो. 'पोत' ओळखायला दुसऱ्या अनुभवी बोटांची साक्ष लागते. वांग शूह यानंही ग्रंथाच्या सुरुवातीलाच ही अडचण मान्य केली आहे. कागदावर वेगळ्या वाटणाऱ्या नाड्या बोटांखाली एकसारख्याच वाटतात, अशी त्याची तक्रार आहे. सतराशे वर्षांनंतर माझीही तीच आहे.

बोटाखाली नेमकं काय जाणवतं?

इंजिनीअरिंग शिकलेल्याला इथं थोडा आधार मिळतो. हृदय आकुंचन पावलं की रक्त पुढं ढकललं जातं, पण बोटाला लागतो तो रक्ताचा प्रवाह नव्हे. बोटाला लागते ती धमनीच्या भिंतीतून धावणारी दाबाची लाट. हाताच्या धमन्यांत ही लाट सेकंदाला साधारण ८ ते १० मीटर वेगानं जाते.

आता गणित करू. दोन शेजारच्या बोटांमधलं अंतर दोन सेंटिमीटर धरलं, तर लाट एका बोटाखालून दुसऱ्याखाली पोहोचायला लागतात सुमारे दोन मिलिसेकंद. दोन बोटांना मिळालेल्या ठोक्यांत आधी कुठला, हे ओळखायला माणसाला याच्या कितीतरी पट जास्त वेळ लागतो. म्हणजे तीन बोटांखाली आपल्याला तीन वेगळ्या लाटा जाणवत नाहीत, एकच लाट जाणवते.

तरीही तीन जागी नाडी वेगळी लागते, हे खरं आहे. कोणीही करून पाहावं. कारण जागेजागी धमनीची खोली बदलते. उंचवट्याजवळ खाली हाड असतं, कोपराकडे स्नायू आणि चरबी जास्त. प्रत्येकाच्या मनगटाची ठेवण वेगळी आणि आपल्या तीन बोटांचा दाबही सारखा नसतो. अनामिका मुळातच कमजोर. पहिले दोन महिने मला प्रत्येकाची 'छ्र' नाडी क्षीण लागायची. आईची, भावाची, दूधवाल्याचीही. सगळ्या पेठेची मूत्रपिंडं एकाच वेळी दुबळी झाली असतील, हे काही पटेना. दोष माझ्या अनामिकेत होता.

दाबाच्या तीन पातळ्यांना मात्र भौतिक आधार आहे. घरातलं डिजिटल रक्तदाब यंत्र हेच करतं. पट्ट्याचा दाब बदलत जातो आणि धमनीची धडधड कुठल्या दाबाला सर्वाधिक जाणवते, ते यंत्र नोंदवतं. ही सर्वाधिक धडधड सरासरी रक्तदाबाच्या आसपास मिळते. बोटांचा दाब हळूहळू वाढवणारा वैद्य याच गोष्टीचा अंदाज घेत असतो, फक्त त्याच्याकडे आकडा नसतो.

यंत्र गुरूची जागा घेईल का?

प्रयत्न जुना आहे. १८५४मध्ये कार्ल फिरॉर्ट आणि १८६०मध्ये फ्रान्सचे एतिएन-ज्यूल मारे यांनी नाडीचा आलेख काढणारी यंत्रं बनवली. महाराष्ट्रातही यावर काम झालंय. आयआयटी मुंबई आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांच्याशी निगडित संशोधकांनी २००७मध्ये 'नाडी तरंगिणी' ही प्रणाली मांडली. वात, पित्त, कफाच्या जागी तीन दाबसंवेदक ठेवून नाडीचा आलेख नोंदवायचा, अशी तिची रचना आहे. त्यातले एक संशोधक डॉ. अनिरुद्ध जोशी यांनी पुढं पुण्यात त्यावर आधारित उपकरण आणलं.

अशी यंत्रं आलेख उत्तम काढतात. लाट कुठं चढली, कुठं परतली, दोन ठोक्यांत किती अंतर, हे बोटांपेक्षा अचूक सांगतात. पण आलेखाला 'तारेसारखी' किंवा 'निसरडी' हे नाव द्यायचं, तर आधी अनेक जाणत्यांनी तीच नाडी पाहून तेच नाव दिलेलं असावं लागतं. खरी अडचण तिथंच आहे.

दोन जाणत्यांचं एकमत होतं का?

कधी होतं, कधी नाही. सिडनीच्या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२मध्ये दाखवलं, की प्रत्येक लक्षणाची व्याख्या आधी काटेकोर ठरवली, तर नाडी पाहणाऱ्यांमधलं एकमत लक्षणीय वाढतं. आयुर्वेदिक नाडीवर डेन्मार्कमधल्या ऑलबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी अभ्यास केले. त्यात त्याच वैद्यानं तीच नाडी पुन्हा पाहिली, तर निष्कर्ष तोच येतो का, हे तपासलं. वैद्यागणिक निकाल वेगवेगळे आले.

एकमताचे आकडे वाचताना एक सापळा असतो. समजा, तुम्ही आणि मित्र, दोघंही दहापैकी आठ जणांची नाडी 'तारेसारखी' सांगता. दोघांनी डोळे मिटून, मनगटाला हात न लावता हेच केलं, तरी योगायोगानं ६८ टक्के वेळा उत्तर जुळेल. (०.८ गुणिले ०.८ अधिक ०.२ गुणिले ०.२ म्हणजे ०.६८.) म्हणून '७० टक्के जुळलं' या वाक्याला इथं जवळपास काही अर्थ नाही. योगायोग वजा केल्यावर काय उरतं, ते पाहायचं. 'शंभर टक्के अचूक निदान' अशी जाहिरात दिसली, की हा हिशेब आठवावा.

मग एकट्यानं शिकायचंच असेल तर?

चीनमध्ये १९५६मध्ये पारंपरिक वैद्यकाची पहिली चार महाविद्यालयं सुरू झाली, त्याआधी ही विद्या प्रामुख्यानं गुरुशिष्य पद्धतीनं किंवा घराण्यातून चालायची. सोलापुरात चिनी वैद्यकाचा गुरू मला मिळाला नाही. पण जवळचे नातलग आहेत. शहरात शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथं नाडी अभ्यासक्रमाचा भाग आहे. चिनी परंपरेशी नातं सांगणारी तिबेटी 'सोवा रिग्पा' पद्धत भारतात २०१०पासून मान्यताप्राप्त आहे आणि कर्नाटकात मुंडगोड, बैलकुप्पे इथं तिबेटी वसाहती आहेत. नकाशा वेगळा असला, तरी बोटं कशी ठेवायची, दाब कसा द्यायचा, हे अशा अनुभवी माणसाकडून एका दिवसात जेवढं कळतं, तेवढं व्हिडिओतून महिन्यात कळत नाही.

आठ महिन्यांच्या चुकांतून जे उपयोगी ठरलं, ते असं:

१. अठ्ठावीस नावं बाजूला ठेवा. आधी फक्त चार गोष्टी : खोली, वेग, ताल आणि जोर. प्रत्येकासाठी दोन किंवा तीनच उत्तरं ठेवा.

२. परिस्थिती सारखी ठेवा. व्यक्ती दहा मिनिटं बसलेली, हात हृदयाच्या उंचीवर, तळवा वर, मनगटाखाली छोटी घडी. जेवण, चहा किंवा जिना चढून आल्यावर लगेच नको. निदान पन्नास ठोके तरी पाहा.

३. मोजता येतं ते ताडून पाहा. वेग तुम्ही सांगा, मग ऑक्सिमीटर किंवा रक्तदाब यंत्रावर पाहा. इथं बोटं चुकत असतील, तर पोताकडे वळूच नका.

४. आधी लिहा, मग विचारा. 'झोप कशी झाली?' हे आधी विचारलं, की नाडीत ते सापडतंच. मनाची ही खोड सगळ्यांना असते.

५. आंधळी चाचणी घ्या. घरातली पाच माणसं चादरीआड बसवा, फक्त हात बाहेर. प्रत्येकाची नाडी दोनदा, क्रम बदलून पाहा. तुमचं पहिलं उत्तर दुसऱ्याशी जुळतं का, ते मोजा. मी पहिल्यांदा हे केलं, तेव्हा आईच्याच दोन्ही वेळच्या नोंदी वेगळ्या निघाल्या. आई म्हणाली, "सकाळपासून मी बदलले नाही, तूच बदललास."

६. स्वतःची नाडी रोज पाहा. ताप असताना, उपाशी असताना, जागरणानंतर. एकाच मनगटावरचे बदल शिकणं हे शंभर मनगटांपेक्षा सोपं.

कायदा काय म्हणतो?

कुतूहल म्हणून नाडी पाहणं आणि शिकणं यात गुन्हा नाही. पण तिच्यावरून आजार सांगणं, औषध देणं किंवा सुया टोचणं हा वैद्यकीय व्यवसाय ठरतो. महाराष्ट्रात त्यासाठी संबंधित परिषदेकडे नोंदणी लागते. आयुर्वेद आणि युनानी वैद्यांसाठी १९६१चा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम आहे. ॲक्युपंक्चरसाठी महाराष्ट्रानं २०१५चा स्वतंत्र कायदा केला आणि त्याखाली परिषद आली. केंद्र सरकारनं २००३मध्ये ॲक्युपंक्चरला उपचाराचा एक प्रकार म्हणून आणि २०१९मध्ये स्वतंत्र पद्धती म्हणून मान्यता दिली. चार आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स आणि त्याचं रंगीत प्रमाणपत्र म्हणजे नोंदणी नव्हे. कुणाकडे उपचाराला जात असाल, तर नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका.

रुग्ण म्हणूनही एक भान हवं. नाडीवरून मधुमेह, कर्करोग किंवा गर्भधारणा नक्की सांगतो असं कुणी म्हणालं, तर रक्ततपासणी, बायोप्सी किंवा लघवीची चाचणी टाळू नका. नाडी पाहून चालू गोळ्या बंद करायला सांगितल्या, तर आधी त्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला.

नाडी कधी थेट दवाखान्यात नेते?

हे शिकायला चिनी, संस्कृत काहीच लागत नाही. शांत बसलेल्या प्रौढ माणसाची नाडी साधारण मिनिटाला ६० ते १०० असते. नियमित व्यायाम करणाऱ्यांची कमी असू शकते. पण नाडीला ताल नसेल, किंवा वेग या मर्यादेच्या बराच बाहेर असेल, तर डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढून घ्या. सोबत छातीत दुखणं, चक्कर, धाप, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं किंवा बोलणं अडखळणं यातलं काही असेल, तर थांबायचं नाही, १०८वर फोन करून रुग्णवाहिका बोलवायची. एट्रियल फिब्रिलेशन अनेकदा काहीही त्रास न देता असतं. घरातल्या साठीपुढच्या माणसांचं मनगट महिन्यातून एकदा मिनिटभर धरलं, तरी त्याचा सुगावा लागू शकतो.

म्हणजे सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर असं : गुरूशिवाय नाडी मोजायला शिकता येते, नाडीवरून निदान करायला नाही. वेग, ताल, दाबाखालचा जोर इथपर्यंत पुस्तक, घड्याळ आणि चिकाटी पुरते. त्यापुढच्या वाटेवर कुणीतरी अनुभवी माणूस 'इथं चुकलास' म्हणायला लागतो. तो मिळेपर्यंत आपल्या नोंदी वहीतच राहिलेल्या बऱ्या.

काका आता बरे आहेत. औषध वेळेवर घेतात, तपासणीला जातात. परवा पुन्हा कट्ट्यावर हात पुढे केला. मी मिनिटभर मोजली, वहीत वेळ आणि आकडा लिहिला, ताल अजून अनियमित असल्याची खूण केली आणि विचारलं, "काका, पुढची तपासणी कधी आहे?"

"गुरुवारी," ते म्हणाले. "ही वही तेवढी डॉक्टरांना दाखवायला दे."